बाबांचा पायगुण

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, १३ एप्रिल २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

वरच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा परवा टोरांटोला निघालाय. तिथून दादाचं बफेलोतलं घर दोन तासांवर आहे, म्हणाला नेऊन देतो. त्याच्या बॅगेत दोन किलो चटणी आणि हे पत्र देतेय. रोज फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण फोनवर काय होतं? बाळ रडतं, मग दादा फोन घेतो, मग वहिनी चिमीला परीक्षेचं विचारते, आणि बाबांचं-माझं बोलणं होतं ते एवढंच. "बघितलीस?" "बघितली." "हरले." "होय."

आधी चटणीचं. (बाबा, एवढं तुम्ही वाचू नका.) आई, ब्याडगी आणि संकेश्वरी तू सांगितलेल्या मापानंच घेतली, लक्ष्मीपुरीतनं. देठं मी आणि चिमीनं काढली, दोन दिवस दोघींचे हात पेटलेले. डंकावर नंबर लावून उभी राहिले. पण खोबरं जास्त भाजलं गेलं, त्यामुळं रंग जरा काळपट आलाय. वासाला चांगली आहे. तू काही बोलू नकोस, बाबा ओळखतात का बघ.

काल जोतिबाची यात्रा झाली. आम्ही डोंगरावर गेलो नाही, गर्दी फार. पण संध्याकाळपर्यंत रस्त्यानं परतणारी गुलालानं माखलेली माणसं बघत दारात बसले होते. दरवर्षी तुम्ही बसता त्याच पायरीवर.

आता मुद्द्याचं, म्हणजे बफेलोच्या त्या बर्फावरच्या हॉकी टीमचं, सेबर्सचं.

मार्चमध्ये तिकडची घड्याळं एक तास पुढं गेली आणि माझे हाल सुरू झाले. आधी तुमची सातची मॅच इथं पहाटे साडेपाचला सुरू व्हायची, तेव्हा मी उठलेलीच असायचे. आता साडेचार. पांघरुणात फोन धरून बसते. चित्र-बित्र काही नसतं, नुसते आकडे. शून्याचा एक झाला की समजायचं. परवा बफेलोचा आकडा हलला आणि माझ्या तोंडून "हाण!" असं मोठ्यानं गेलं. हे दचकून उठले आणि म्हणाले, "पाणी आलं?" बादली घेऊन नळापर्यंत गेलेसुद्धा.

तसं मला हे नवीन नाही, बाबा. शाळेत होते तेव्हा मॅचच्या दिवशी मी गच्चीवर पापडाची राखण करायचे. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचा आवाज आपल्या गच्चीवर सरळ यायचा. लांबलचक गलका झाला की गोल. पण कुणाचा, ते तेवढ्यावरनं कळायचं नाही. ते कळायचं तुमच्या लुनावरनं. आपल्या तालमीची टीम जिंकली की कोपऱ्यापासूनच हॉर्न. हरली की तुम्ही इंजिन बंद करून गाडी ढकलत आणायचात, जसं काही गल्लीला कळायचंच नाही.

दादाला पुढ्यात उभं करून न्यायचात. एकदा मीही चपला घालून दारात उभी राहिले. नऊ वर्षांची असेन. तुम्ही म्हणालात, "स्टेडियमवर पोरींचं काय काम?" आईनं आत बोलावून ओंजळभर शेंगदाणे आणि गूळ दिला. आई, तुला आठवत नसेल. मला त्या शेंगदाण्यांची सालंसुद्धा आठवतात. तक्रार म्हणूनच लिहितेय, पण जुनी आहे, पतसंस्थेत काम करत असले तरी व्याज लावत नाही.

आणि गंमत बघा. ज्याला नेलंत त्या दादाला बफेलोत राहून पंधरा वर्षं झाली, तो बास्केटबॉल बघतो. बर्फावरची हॉकी त्यानं तुमच्यासाठी एकदा लावून दिली आणि स्वतः लॅपटॉप घेऊन बसला. तुम्हाला बोलायला माणूस राहिलं नाही, म्हणून माझा नंबर लागला. फुटबॉलमध्ये तुम्ही मला एक वाक्य बोलू दिलं नसतंत. इथं आपण दोघंही बिगरीत. "ऑफसाइड म्हणजे आपल्यासारखाच," असं तुम्ही जानेवारीत ठणकावून सांगितलं होतंत, आठवतं? तसं नाही ते. समोरच्यांच्या हद्दीतली निळी रेघ आधी चकतीनं ओलांडायची, खेळाडूनं नंतर. मी वाचून सांगितलं तेव्हा तुम्ही फोनवर गप्प झालात आणि मग म्हणालात, "बरं, असेल." तुमच्या तोंडचं "असेल" मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आईनं मात्र सगळ्या खेळाला मराठीत आणलंय. मधल्या सुट्टीत ते मशीन येऊन बर्फ खरवडतं, वर पाणी सोडतं आणि परत आरशासारखं करतं, त्याला ती "सारवतात" म्हणते. ज्याला दोन मिनिटं बाहेर काचेच्या खोक्यात बसवतात, तो "कोंडवाड्यात". मारामारी चालली तर पंच जरा वेळ बघत उभे का राहतात, हा तिचा प्रश्न मलाही पडलाय. आणि त्या टेज थॉम्पसनचं नाव तिला येत नाही, पण सहा फूट सहा इंच उंची बघून "ताडमाड" ठेवलंय. परवा मी विचारलं, "गोल कुणी केला?" तर ही म्हणते, "आपल्या ताडमाडनं." त्याचे या हंगामात ४० च्या वर गोल झालेत. टीम कुठंच नाही, तरी त्याचे ४० च्या वर. आई, तुझी निवड चुकत नाही.

पण आई, तुझा राग मला कळतो. ७ मार्चला डिलन कोझेन्सला ऑटवाला देऊन टाकलं, तेव्हा तू दोन दिवस मॅच बघितली नाहीस. "पोरगं चांगलं होतं, का घालवलं?" त्याच्या बदल्यात जॉश नॉरिस आला आणि ३ मॅच खेळून जायबंदी झाला. आपल्याकडं एका तालमीचा पोरगा दुसऱ्या तालमीकडनं खेळला तर गल्लीत महिनाभर बोलणं बंद असतं. तिथं सकाळी एका टीममध्ये, संध्याकाळी विमानात. त्यांना विचारतही नाहीत बहुतेकदा.

बाबा, आता तुमच्या पायगुणाचं बोलूया. हे दादासमोर वाचू नका.

तुम्ही नोव्हेंबरच्या शेवटी बफेलोत उतरलात. त्याच आठवड्यात ही टीम हरायला लागली ती सलग १३ मॅच. त्यातल्या ३ जादा वेळेत गेल्या म्हणून हरूनही एकेक गुण मिळाला. (आई, "हरल्याबद्दल गुण कसला?" याचं उत्तर माझ्याकडंही नाही.) दादाच्या ऑफिसात तर म्हणे लोक विचारायला लागले, तुझे वडील परत कधी जाणार? मग २३ डिसेंबरला बाळ झालं, आणि त्याच रात्री यांनी न्यूयॉर्क आयलँडर्सना ७-१ असं धुतलं. आईनं लगेच बाळाचा पायगुण म्हणून नारळ फोडला. तुमचं नाव कुणीच काढलं नाही. मला इथं वाईट वाटलं, खरं सांगते.

ही टीम बाद फेरीत शेवटची गेली २०११ ला. म्हणजे चिमी जन्मलीसुद्धा नव्हती. तेव्हा पहिल्याच फेरीत फिलाडेल्फियानं सात मॅचच्या झुंजीत घालवलं. तेव्हापासून एप्रिल आला की यांची सुट्टी. यंदा सलग १४ वा हंगाम, त्या अख्ख्या लीगच्या इतिहासात इतकी वर्षं कुणीच बाहेर राहिलेलं नाही. २०११ ला जो वस्ताद होता, लिंडी रफ, त्याला २०१३ ला काढलं आणि गेल्या वर्षी परत बोलावलं. आता ६५ वर्षांचा आहे. तुम्ही त्याला टीव्हीवर बघून म्हणालात, "च्युइंगम चावतोय, पण पोट जळतंय त्याचं." तुम्हाला कळणारच.

एक गोष्ट मी वाचली आणि दिवसभर डोक्यातनं जाईना. २०१४-१५ ला ही टीम तळाला होती. जो शेवटी राहील त्याला नवीन पोरांच्या निवडीच्या सोडतीत जास्त संधी, आणि त्या वर्षी कॉनर मॅकडेव्हिड नावाचा पोरगा येणार होता. म्हणून बफेलोचे लोक आपलीच टीम हरावी अशी वाट बघायचे. २६ मार्च २०१५ ला, बफेलोतच, ॲरिझोनानं जादा वेळेत गोल घातला आणि बफेलोची पब्लिक आनंदानं ओरडली. घरच्या मैदानावर! टीम तळालाच राहिली. आणि सोडत निघाली एडमंटनच्या नावानं.

आपल्याकडं असं कुणी केलं असतं तर? पाटाकडील असो, दिलबहार असो, शिवाजी असो नाहीतर आपली तालीम, समोरच्याच्या गोलवर ओरडलेला माणूस दुसऱ्या दिवशी पेठेत चहाला फिरकला नसता. तुम्ही तर त्याच्या घरचं लग्नही टाळलं असतंत. पण मला त्या लोकांचा राग येत नाही. इतकी वर्षं ढकलत गाडी आणल्यावर माणूस काहीही करतो.

आता ते सांगते ज्यासाठी खरं पत्र लिहायला बसले. गेल्या आठवड्यात मी स्टेडियमवर गेले होते. चिमीला घेऊन. तुम्ही फोनवर आपल्या तालमीचं विचारता आणि मला पेपरात वाचून सांगावं लागतं, म्हटलं एकदा जाऊन बघू. घडी घातलेला 'पुढारी' नेला, तुमच्यासारखाच. चार वाजतासुद्धा पायऱ्या तव्यासारख्या. बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. पण कुणी काही बोललं नाही, उलट एका पोरानं सरकून जागा दिली.

तुमचे ते ज्वारीच्या दुकानवाले दोस्त पुढच्या पायरीवर होते. वळून बघितलं, परत बघितलं. "तू अण्णांची नव्हं?" म्हटलं होय. "कधी येणार तो? चार मॅच झाल्या, एक जिंकंना आमास्नी. तुझा बा न्हाई तर टीमचा पायच चालंना बघ."

मी हसत सुटले, त्यांना कळेना का. तिकडं तुम्ही आलात म्हणून हरतात, इकडं तुम्ही नाहीत म्हणून हरतात. एकटा माणूस दोन खंडांवर किती ओझं उचलणार?

आपण २-० नं हरलो. दुसरा गोल फार वाईट गेला, गोलकीपर पुढं आला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरनं. गच्चीवरनं जो गलका यायचा तो आत बसून ऐकला तर वेगळाच असतो, पायरीतनं पायात चढतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिमी शेवटच्या पाच मिनिटांत ओरडली, "गोलकीपर काढा की!" बर्फावर शेवटच्या मिनिटांना गोल रिकामा ठेवून सहावा गडी आत घालतात ना, तेच. सगळी पायरी तिच्याकडं बघायला लागली. ज्वारीवाले म्हणाले, "हे कोणत्या तालमीतनं शिकून आलीस?"

येताना आम्ही दोघी चालत आलो. गाडी नव्हतीच ढकलायला.

आणि बाबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. त्या बफेलोच्या टीमच्या अंगावर जो प्राणी आहे, खाली दोन तलवारी आणि वर उधळलेला, त्याला तुम्ही पहिल्या दिवशी "रेडा" म्हणालात. चिमीनं नीट बघितलं. तो आपल्या राधानगरीचा गवा आहे, अमेरिकेतला चुलतभाऊ. तेव्हापासून तिनं वहीवर तोच काढलाय. मे महिन्यात येताना तो निळा-पिवळा टी-शर्ट तिच्या मापाचा आणा, जरा मोठाच, पोरगी वाढतेय.

१७ तारखेची शेवटची मॅच फिलाडेल्फियाबरोबर आहे, तेच ते २०११ वाले. दादानं तुम्हा दोघांची तिकिटं काढलीत म्हणे. हे पत्र त्याच्या आत पोचेल की नाही ठाऊक नाही. आई, गुडघ्याला पट्टा बांधून जा आणि आत बसल्यावर शाल काढू नकोस. बीपीची गोळी सातच्या आधी. बाबांनी कानटोपी काढून हवेत फेकायची नाही, गेल्या वेळी शोधायला अर्धा तास गेला.

इथं ती शुक्रवारची पहाट असेल, गुड फ्रायडे, पतसंस्थेला सुट्टी. मी साडेचारला उठणारच आहे, त्यामुळं आकडा काय झाला ते सांगायला फोन करू नका. बाहेर पडताना लोक कसे जातात ते बघून ठेवा, हॉर्न वाजवत की गाडी ढकलत. तेवढं सांगा.

तुमची,
धाकटी

ता. क. हे विचारतायत, तिकडं पाणी किती वाजता येतं?