उपवासाला जमतं, मग आजाऱ्याला का नाही?

संपादक महोदय,
स. न.

गहू न खाणं हे पैसेवाल्यांचं नवं फॅड आहे, अशा अर्थाचं एका वाचकाचं पत्र आपण छापलंत. मी जोडभावी पेठेत ३१ वर्षं पिठाची गिरणी चालवतो. गव्हावरच माझं पोट आहे. आणि माझ्या सात वर्षांच्या नातीला सिलिॲक आहे, म्हणजे गहू खाल्ला की लहान आतडं खराब होण्याचा आजार.

पोर वयाच्या मानाने ठेंगणी, हातपाय काटकुळे, पोट मात्र नगाऱ्यासारखं. संडास पातळ. हिमोग्लोबिन सातच्या वर चढेना. लोहाच्या बाटल्या संपल्या, जंताचं औषध दोनदा झालं, आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. एका दवाखान्यात तर 'मुलगी खायला नखरे करते' म्हणून सुनेलाच चार शब्द ऐकवले.

शेजारणीच्या सांगण्यावरून आम्ही गहू बंद केला. पोर जरा खेळायला लागली. मग पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते आमच्यावरच चिडले. टीटीजी नावाची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करायची असते, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. पुन्हा सहा आठवडे तिला रोज चपाती चारली. आजीच्याने ते होईना, मीच घास भरवत होतो. रक्तातला आकडा भरपूर वाढलेला निघाला. दुर्बिणीने लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले तेव्हा पक्कं झालं. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, ती झडून सपाट झाली होती. खाल्लेलं अंगी लागणार कसं? इलाज एकच : गहू, सातू, मैदा, रवा, शेवया जन्मभर बंद. आईबाप, भावंडं अशा सख्ख्या नात्यात दहातल्या साधारण एकाला हा आजार निघू शकतो, म्हणून तिच्या आईबापाचीही तपासणी करून घेतली.

मनात म्हटलं, सोलापुरात कसली अडचण? मंगळवेढ्याची ज्वारी, शेंगाचटणी, दही. पोर राणीसारखी जेवेल. पण सहा महिन्यांनीही टीटीजी हवा तसा उतरेना. डॉक्टरांनी विचारलं, "ज्वारी कुठं दळता?" मी ऐटीत म्हणालो, "आमची घरचीच गिरणी आहे, साहेब." ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या बाहीकडे बघत राहिले. बाहीवर पीठ होतं.

गिरणीवाल्याला वेगळं सांगायला नको, आधीच्या दळणाचं मूठभर पीठ चक्कीत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं. ग्लुटेन म्हणजे गव्हा-सातूतलं प्रथिन, या आजारात तेच बाधतं. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. हिशेब केला तर ते गव्हाचं पीठ पाव ग्रॅमही भरत नाही. मी नातीला मूठ-मूठ चारत होतो. बाजारच्या बांधानी हिंगातही बहुतेकदा मैदा असतो, हेही तेव्हाच कळलं.

एक मात्र सांगतो, पोटाचं प्रत्येक दुखणं गव्हाचं नसतं. सुनेच्या भावाला शौचातून रक्त पडायचं. वर्षभर मूळव्याध समजून मलमं लावली. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याला जखमा दिसल्या, अल्सरेटिव्ह कोलायटिस. नातीचं बघून या गड्याने गहू सोडला आणि गोळ्याही सोडल्या. महिन्याभरात पुन्हा रक्त. त्याचा आजार गव्हामुळे नाही, गोळ्या त्याला घ्याव्याच लागतात.

माझं म्हणणं माझ्या धंदेवाल्या भावांना आहे. श्रावणात राजगिरा, वरई दळायची तर आपण चक्की उघडून, झाडून, पुसून देतो. गव्हाचा कण गेला तर गिऱ्हाइकाचा उपवास मोडतो म्हणून. मग आजारी लेकरासाठी कुणी ज्वारी आणली तर 'एवढ्याने काय होतंय' का म्हणतो? मीही म्हणत होतो.

आता माझ्या दोन चक्क्यांपैकी एकीवर गहू चढत नाही. मध्ये पत्र्याची आडभिंत घातली आहे, आणि ज्वारी सकाळी आधी दळतो, गव्हाची धूळ उडायच्या आत. घरात असा पेशंट असेल त्यांनी सातच्या आत यावं. फक्त डबा गव्हाचा नको. ज्वारीचा वेगळा ठेवा, धुऊन कोरडा करून आणा.

आपला,
एक गिरणीवाला, जोडभावी पेठ, सोलापूर