काकांच्या टाचेवरील डाग आणि मेलानोमाचे आकडे

ब्रिस्बेन, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. काकांच्या टाचेवर दीड वर्षापासून काळसर डाग आहे आणि घरातील सगळे त्याला कुरूप समजून औषधाच्या दुकानातील पट्टी लावत आहेत, असे तू ओघात लिहिलेस. त्याच पत्राच्या शेवटी तू विचारलेस, की मेलानोमाचे, म्हणजे त्वचेतील रंगपेशींच्या कर्करोगाचे, रुग्ण वाढत असताना त्यातून वाचणाऱ्यांचे प्रमाणही वाढते, हे दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे? माझ्या लेखी हा एकच विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी राहतो तो ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांत या कर्करोगाच्या बाबतीत जगात सर्वांत वर असणाऱ्या प्रदेशांपैकी आहे. युरोपातून येथे आलेल्या गोऱ्या लोकांची त्वचा या उन्हासाठी घडलेलीच नव्हती. विषुववृत्ताच्या दिशेने सरकावे तसा गोऱ्या लोकांमधील मेलानोमाचा मृत्युदर चढत जातो, हे हेन्री लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने १९५६ सालीच दाखवून दिले होते. पुढे १९८१ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात अंगात सदरा घाला, सनस्क्रीन लावा, डोक्यावर टोपी ठेवा, असे सांगणारी मोहीम सुरू झाली आणि ती घरोघरी पोहोचली. मला सर्वांत जास्त भावतो तो येथून उत्तरेला असलेल्या नॅम्बर गावातील प्रयोग. १९९२ मध्ये तेथील १,६२१ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले गेले आणि एका गटाला साडेचार वर्षे रोज सनस्क्रीन लावण्यास सांगण्यात आले. प्रयोग संपल्यानंतरही पुढील दहा वर्षे त्या माणसांची नोंद ठेवली गेली, तेव्हा रोज लावणाऱ्यांमध्ये मेलानोमाचे ११ रुग्ण आढळले आणि मर्जीनुसार लावणाऱ्यांमध्ये २२. आकडे लहान आहेत, हे मान्य. परंतु चाळिशीच्या आतील ऑस्ट्रेलियन लोकांमधील मेलानोमाचे प्रमाण या शतकाच्या सुरुवातीपासून उतरत आहे आणि उमेदीची वर्षे उघड्या अंगाने उन्हात घालवलेल्या वृद्धांमध्ये मात्र ते वाढतच राहिले, हे पाहिले की त्या आकड्यांना बळ मिळते.

आता तुझा प्रश्न. अमेरिकेत चाळीस वर्षांत नव्या रुग्णांचे प्रमाण सहापट झाले, पण त्याच काळात बहुतेक वर्षे दर लाख लोकसंख्येमागील मृत्यू जवळजवळ तेवढेच राहिले. रोग खरोखर सहापट झाला असता, तर मृत्यूंची रेषा इतकी सपाट राहिली नसती. तपासण्या वाढल्या, तीळ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे वाढले आणि आयुष्यभर कोणताही त्रास न देणारे पातळ डागही मेलानोमा म्हणून नोंदले जाऊ लागले. असे निरुपद्रवी रुग्ण यादीत आले, की पाच वर्षे जगणाऱ्यांची टक्केवारी आपोआप वाढते, जरी एकाही माणसाचा मृत्यू टळलेला नसला तरी. म्हणून जगण्याची टक्केवारी एकटी वाचू नये. तिच्या शेजारी लोकसंख्येतील मृत्युदर ठेवावा, असा माझा आग्रह असतो.

आणि तो मृत्युदर अमेरिकेत २०१३ नंतर खरोखरच उतरू लागला, याचा मला किती आनंद होतो हे तुला कसे सांगू! शरीरात पसरलेल्या मेलानोमाचे रुग्ण पूर्वी बहुधा वर्षही काढत नसत. २०११ मध्ये इपिलिमुमॅबला मान्यता मिळाली, तीन वर्षांनी पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब ही औषधे आली. ही औषधे गाठीवर थेट मारा करत नाहीत, तर रोगप्रतिकारक पेशींना आवरून धरणारे लगाम सैल करतात. त्या लगामांच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब एकत्र दिलेल्या चाचणीत दहा वर्षांनी सुमारे ४३ टक्के रुग्ण हयात होते. येथे केवळ यादी फुगलेली नाही, तर माणसे वाचलेली आहेत.

परंतु हे सारे आलेख प्रामुख्याने गोऱ्या त्वचेचे आहेत आणि म्हणूनच मला काकांची काळजी वाटते. भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे, लाखात एकाहूनही कमी. तथापि आपल्या लोकांमध्ये तो होतो तेव्हा पुष्कळदा तळपाय, तळहात, नखाखालचा भाग किंवा तोंडातील अस्तर अशा जागी होतो, ज्यांचा उन्हाशी संबंध नाही. डाग तळपायावर असल्याने कोणी पाहत नाही, पाहिला तर कुरूप किंवा ठेच समजतात, आणि निदान होईपर्यंत तो खोल गेलेला असतो. शिवाय मी वर्णन केलेली औषधे या प्रकारात तुलनेने कमी लागू पडतात आणि त्यांचा खर्च सामान्य घराला पेलणारा नसतो. अमेरिकेत एकूण रुग्णांपैकी सुमारे ९४ टक्के पाच वर्षे जगतात, तर कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण सुमारे ७० टक्केच आहे. दुर्मीळ असल्यामुळेच हा रोग आपल्याकडे डॉक्टरांच्याही चटकन मनात येत नाही.

काकांच्या टाचेवरील डाग बहुधा साधाच निघेल. तरीही ती पट्टी आजच काढ, ब्लेडने खरवडू देऊ नकोस आणि त्यांना या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. डागाच्या कडा वेड्यावाकड्या आहेत का, रंग एकसारखा आहे का, तो पसरला आहे का, हे त्यांना नीट सांग आणि बायोप्सी सुचवली तर नको म्हणू नकोस. डागाचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढ आणि मलाही पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

तुझा मित्र