एन्रॉनची फाइल बंद झाली, हिशोब राहिलाच

संपादक महोदय,

हल्ली आपल्या पेपरात कुठल्या ना कुठल्या 'नीतिमान उद्योजक' पुरस्काराची पानभर बातमी असते, स्टेजवर एखादे मंत्री, शेजारी चेअरमन, आणि खाली भाषणातली मूल्यांबद्दलची वाक्यं. वाचलं की मला एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनीच आठवते. त्या कंपनीनं जुलै २००० मध्ये ६४ पानांची आचारसंहिता छापून नोकरांना वाटली होती, प्रस्तावना खुद्द चेअरमन केनेथ ले यांची, त्यात आदर, सचोटी सगळं होतं. आणि त्याच्या वर्षभर आधी, १९९९ ला, त्यांच्याच संचालक मंडळानं फायनान्सप्रमुखाला स्वतःच्या भागीदारी संस्थांमार्फत कंपनीशी व्यवहार करता यावा म्हणून आचारसंहितेचा नियम बाजूला ठेवून परवानगी दिली होती! डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत.

पण मला अमेरिकेचं नाही, गुहागरचं बोलायचंय. तरुण वाचकांना दाभोळ प्रकल्प, म्हणजे एन्रॉनचा इथला वीजप्रकल्प, याचं नक्की काय झालं हे माहीतच नाही. १९९२ ला टेंडर न काढता थेट सामंजस्य करार, १९९३ ला वर्ल्ड बँकेनं हे परवडणारं नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला, तरी त्याच वर्षी डिसेंबरात पवार सरकारच्या काळात वीज खरेदीचा करार झालाच. करार असा की वीज घ्या नाहीतर नका घेऊ, प्लांट तयार ठेवल्याचे पैसे राज्य वीज मंडळानं भरायचेच. म्हणजे खानावळीत महिन्याचा डबा लावायचा, जेवलात तरी पूर्ण पैसे, उपाशी राहिलात तरी पूर्ण पैसे, आणि हिशोब डॉलरच्या भावात. त्यामुळे वीज मंडळ जितकी कमी वीज उचलेल तितका युनिटचा रेट वर जायचा, २००० च्या शेवटी तो ७ रुपयांच्या पुढे गेला आणि २००१ च्या मे महिन्यात प्लांट बंद पडला.

मधल्या काळातली गंमत तर बघा. १९९५ च्या प्रचारात एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा होती, शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला, टाळ्या पडल्या, आणि काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला तो आधीपेक्षा मोठा, २१८४ मेगावॅटचा. १३ दिवसांच्या वाजपेयी सरकारनं पडता पडता केंद्राची काउंटर गॅरंटीही, म्हणजे राज्यानं पैसे थकवले तर केंद्र भरेल अशी हमी, मंजूर करून टाकली. म्हणजे यात कुठलाच पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही, बहुधा म्हणूनच कोणी दाखवत नाही. कंपनीच्या एक अधिकारी बाई तर अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे सांगून आल्या की भारतीयांना 'शिक्षित' करायला २ कोटी डॉलर खर्च झाले. लाच दिल्याचं कधी सिद्ध झालं नाही हे मान्य, पण शिक्षण नक्की कोणाचं झालं हेही समजलं नाही.

आणि प्रकल्पाला विरोध करणारं शेजारचं वेलदूर गाव. जून १९९७ मध्ये पहाटे पोलीस त्या कोळीवाड्यात घुसले, घरातून ओढून बायकांना मारहाण झाली, अटक झाली. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या १९९९ च्या रिपोर्टमध्ये हे सविस्तर आहे, आणि तिथे तैनात केलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी सरकारकडे भरत होती हेसुद्धा. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, दरापेक्षाही. कंपनीच्या पैशावर उभ्या असलेल्या पोलिसांकडे कंपनीविरुद्ध तक्रार घेऊन कोण जाणार?

२००१ ला या प्रकल्पाचा आढावा घ्यायला राज्य सरकारनं नेमलेल्या माधव गोडबोले समितीनं एकामागून एक आलेल्या सरकारांवर ठपका ठेवला आणि न्यायालयीन चौकशी सुचवली. आयोग नेमला गेला, चौकशी काही तडीस गेली नाही. तिकडे अमेरिकेत एन्रॉनचा माजी सीईओ जेफ्री स्किलिंग सुमारे १२ वर्षं कैदेत काढून फेब्रुवारी २०१९ ला सुटला. इकडे दाभोळ प्रकरणातल्या महाराष्ट्र सरकारच्या वागण्यापुरता जो मुद्दा सुप्रीम कोर्टात कित्येक वर्षं पडून होता तो एप्रिल २०१९ मध्ये बंद झाला, का तर आता फार वर्षं झाली. तिकडचा माणूस शिक्षा भोगून घरी आला तरी इकडे चौकशीच पूर्ण झाली नव्हती.

आता कोणाला जेलमध्ये टाका असं मी म्हणत नाही, निम्मे लोक हयातही नाहीत. एवढंच म्हणणं आहे की न वापरलेल्या विजेचे पैसे आजही वेगवेगळ्या कंपन्यांना जातात आणि ते आपल्याच बिलातून वसूल होतात. वीज नियामक आयोगाच्या साइटवर ऑर्डरी असतात, पण शेकडो पानांच्या आणि इंग्रजीत, त्या कोण वाचणार. कुठल्या प्लांटला, न उचललेल्या विजेपोटी, वर्षाला किती दिले याचा एक पानी तक्ता महावितरणनं मराठीत दरवर्षी छापावा. तुमच्या प्रतिनिधीनं ही मागणी ऊर्जामंत्र्यांच्या कानावर घालावी, पुढच्या पुरस्कार सोहळ्याला भेटतीलच.

आपला,
एक वीजग्राहक, चिपळूण