फंडाचं नाव न सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काकांना, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चष्मा पुसायला घेता आणि पावसाचं बोलायला लागता, म्हणून हे पत्र. उघडं अशासाठी की हल्ली बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बायका फॉल-पिकोला साडी टाकता टाकता मला विचारतात, "ताई, कुठला म्युच्युअल फंड घेऊ?" (पुष्कळांचे पैसे एकत्र करून शेअर वगैरेंत घालणारी योजना ती; आपला वाटा युनिटांत मोजतात.) मी नाव सांगत नाही. त्यांना राग येतो. मलाही तुमचा आला होता.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती बँकेतल्या मुलानं दिलेलं चकचकीत पत्रक घेऊनच. बँकेचं नाव इथे नको. नवरात्रात शिवलेल्या चनिया-चोळ्यांचे साठ हजार गाठीला होते. तो म्हणाला होता, "नवीन फंड आहे, दहा रुपयांना युनिट. जुने फंड अडीचशेवर गेलेत, हा स्वस्तात मिळतोय." मला तो कापडाचा सेलच वाटला. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने आखलेत. दहा हजारांत दहाच्या भावाने १००० युनिटं, अडीचशेच्या भावाने ४०. दोन्ही फंडांतले शेअर दहा टक्के वाढले तर किती? मी कॅल्क्युलेटर बडवला. इकडे ११,०००, तिकडेही ११,०००.

"मग स्वस्त काय होतं?" तुम्ही विचारलंत. मी पत्रकाची घडी घालत बसले.

त्याच पत्रकात लाभांशाचा पर्याय होता, मधूनमधून पैसे हातात येणारा. तुम्ही म्हणालात, "आपल्याच डब्यातला लाडू आपल्याच ताटात वाढायचा आणि माहेरून आला म्हणायचं." लाभांश दिला की तेवढी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, उतरते, हे मला त्या लाडवामुळे अजून लक्षात आहे.

मग मी खरी भीती बोलले. पैसे घेऊन पळाले तर? यावर तुम्ही हसला नाहीत, ते बरं झालं. भीती दोन आहेत, त्या वेगळ्या कर, म्हणालात. पळून जाण्याची एक. त्यासाठी सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम आहेत. फंड चालवणारी कंपनी वेगळी, विश्वस्त वेगळे, शेअर सांभाळणारा कस्टोडियन आणखी वेगळा. दुसरी भीती पैसे कमी होण्याची. तिच्यावर नियम नाही, ती राहणारच. २००१ साली सगळ्यांच्या विश्वासातल्या एका योजनेनं परतखरेदी, म्हणजे युनिटं परत घेऊन पैसे देणं, थांबवली तेव्हा तुमचेही पैसे अडकले होते, हे तुम्ही त्या दिवशी इतक्या सहज सांगितलंत की काकूंनी आतून डोकावून पाहिलं. त्यांना बहुतेक आकडा ठाऊक असावा. आम्हाला तो कळला नाही.

त्यानंतर चार महिने तुम्ही मला एकही फंड घेऊ दिला नाहीत! आमचा धंदा तुम्हाला ठाऊक. नवरात्राआधी जेवायला फुरसत नाही आणि नंतर मशीनवर धूळ. "सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढ, मग बोलू." साठ हजार तिकडेच गेले, काही बँकेत, काही लिक्विड फंडात, म्हणजे अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात. मनातल्या मनात मी तुम्हाला चिकट म्हणत होते. पुढच्या जूनमध्ये मोटर जळली आणि नवी मशीन घ्यावी लागली तेव्हा ते म्हणणं परत घेतलं.

एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडात घालणं, कळली ती मात्र खंडेराव मार्केटमध्ये. देवाच्या फुलांना मी रोज ठरलेले वीस रुपये काढते. दसऱ्याला त्या विसाचा झेंडू ओंजळभर, नंतर भाव पडला की पिशवीभर. "तू पैसे ठरवतेस, फुलं बाजार ठरवतो. झालं," म्हणालात. माझा हप्ता तीन हजारांचा, दहा तारखेचा, कारण गिऱ्हाईक पैसे पहिल्या आठवड्यात देतं. एकदा खात्यात शिल्लक नव्हती, हप्ता परत गेला आणि बँकेनं दंड कापला. दंडाचं तुम्ही आधी बोलला नव्हतात. एवढी एक तक्रार नोंदवून ठेवते.

सर्वांत महाग धडा खर्चाचा. एकच फंड, तेच शेअर, पण एजंटामार्फत घेतला तर रेग्युलर आणि थेट घेतला तर डायरेक्ट. ही सोय १ जानेवारी २०१३ पासूनची. पत्रकातल्या फंडासारख्या फंडात खर्चाचा फरक, म्हणजे मुख्यतः एजंटाचं कमिशन, वर्षाला साधारण एक टक्का धरू, म्हणालात. एक टक्का म्हणजे काय, कात्रण! मग तुम्ही गणित घातलंत. महिना तीन हजार, वीस वर्षं, वाढ समजा बारा टक्के (समजा हं, खात्री कोणाचीच नाही) तर जवळपास ३० लाख. अकरा टक्के धरली तर सव्वीस लाखांच्या थोडे वर. मी स्वतः घालणार ७ लाख २० हजार आणि कात्रणात जाणार पावणेचार लाख. मी कॅल्क्युलेटर पुसून पुन्हा केलं. तेवढंच आलं. तरी तुम्ही एजंटांना नावं ठेवली नाहीत. जिला स्वतः बघायचं नाही तिनं द्यावेत, पण किती देतेय ते ठाऊक असून द्यावेत, हे तुमचं म्हणणं मी बायकांना तसंच सांगते.

फंड शेवटी मीच निवडला. निफ्टीचा इंडेक्स फंड, थेट. म्हणजे निफ्टी या निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा. तुम्ही फक्त "कशासाठी हाच?" विचारलंत आणि माझं उत्तर ऐकून मान हलवलीत.

आणि मग मार्च २०२५. सप्टेंबरअखेर २६,२०० च्या आसपास असलेला निफ्टी २२,००० पाशी आलेला. ३९ हजार घातलेले, मोबाईलवर दिसत होते साडेछत्तीस. ब्लाउजची बाही अर्धी टाकून मी तुमच्या जिन्यावर.

"पैसे लागणार कधी?"

"मुलीच्या कॉलेजला. सात वर्षांनी."

"मग आज मशीन बंद करून का आलीस?"

काकूंनी चहा दिला, मी पिऊन परत आले. बाही उलटी लागली होती, ती उसवून पुन्हा लावली. हप्ता चालू आहे. नॉमिनी तुम्ही सांगितल्याप्रमाणे भरला आहे आणि कागद कुठल्या पत्र्याच्या डब्यात आहेत ते मुलीला दाखवलंय.

तुमचे दोन लेंगे तयार आहेत, नाडी ओवून ठेवली आहे. दर वेळी शिलाईचे पैसे मोजून हातावर ठेवता, या वेळी सुटे आणू नका.

तुमच्या समोरच्या जिन्यातली,
शिवणवाली