"काम कर की" म्हटलं, तो म्हणाला "कुठं?"

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवली-दादर रोजचा लोकलवाला, बारा वर्षं झाली, सेकंड शिफ्ट असल्याने दुपारची स्लो पकडतो. तेव्हा डब्यात जरा मोकळी जागा असते म्हणून मागणारेही असतात. भीक मागताना पकडलेल्यांना ठेवतात ती भिक्षेकरी गृहं तुमच्या खात्याकडे येतात म्हणून हे पत्र तुम्हाला, पण आधी माझंच सांगतो.

माझं सगळं ठरलेलं होतं. गळ्यात स्पीकर अडकवून गाणारा अंध माणूस आला की दहा रुपये, कारण तो "खरा". झोपलेलं बाळ घेऊन बाई आली की काही नाही, बाळ भाड्याने आणलेलं असतं असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं, आणि मी ते कधी तपासलं नाही. तृतीयपंथीयांनी टाळी वाजवली की मुकाट्याने दहाची नोट, ती पण दया म्हणून नाही, शिव्याशाप नकोत म्हणून. आणि तरुण पोरगा असला तर सरळ लेक्चर.

मागच्या महिन्यात मुंब्रा सोडल्यावर असाच एक आला, अठरा-एकोणीसचा असेल. सीटखालची शेंगांची टरफलं, वेफर्सची पाकिटं एका फडक्याने ओढत ओढत दारापर्यंत नेली, मग प्रत्येकाच्या गुडघ्याला बोट लावून हात पुढे. ते फडकं नव्हतं, त्याचा शर्ट होता, दोन बटणं अजून शाबूत होती. मी पाय आखडून घेतले, बॅग मांडीवर ओढली आणि म्हटलं, धडधाकट आहेस, काम कर की. तो चिडला वगैरे नाही. "कुठं? सांगा ना, येतो." आणि खरंच थांबला.

त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात हेल्पर शोधत होते हो. पण माझ्या तोंडून ते निघालंच नाही, मी विचारलं आधार कार्ड आहे का, तो नाही म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला. म्हणजे मी ज्या कामाचा सल्ला देत होतो ते काम त्याला द्यायला मीच तयार नव्हतो, आणि तो मात्र नुकताच अख्खा डबा झाडून मोकळा झालेला.

रात्री घरी येऊन मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, 1959 वाचला. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून पैसे मागितले तरी ती भीकच, म्हणजे माझा तो "खरा" गाणारा पण त्यात आला. आणि ज्याचं पोट भरायचं साधन दिसत नाही, जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो की भीक मागूनच जगत असावा असं वाटतं, तो सुद्धा भिक्षेकरी. मागितलं नसलं तरी! अवतार बघून ठरवायचं, अगदी मी ठरवतो तसंच. माझ्या ठरवण्याने त्याचे दहा रुपये जातात, कायद्याने ठरवलं तर पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात आणि पहिल्यांदाच सापडला तरी एक ते तीन वर्षं आत ठेवता येतं.

दिल्ली हायकोर्टाने 2018 मध्ये याच कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. हा कायदा मुळात जिथला, त्या आपल्या महाराष्ट्रात मात्र तो चालूच आहे. भिक्षेकरी गृहात ठेवलेल्यांना तिथल्या कामाचे 1964 पासून महिन्याला पाच रुपये मिळत होते, ते सरकारने 2025 मध्ये दिवसाला चाळीस करायचं ठरवलं, चांगलं केलं, मनापासून सांगतो. पण चाळीस रुपये मिळवायला आधी पकडलं जावं लागतं ना.

म्हणून मागणं एवढंच, ती अवतारावरून ठरवणारी व्याख्या काढून टाका, आणि पकडायला गाडी पाठवता तशी आधार काढून द्यायला, रात्री झोपायची जागा दाखवायला, काम मिळेपर्यंत सोबत राहायला माणसं पाठवा, ठाणे, दिवा, कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर.

तो पोरगा मला अजून आठवड्यातून दोनदा तरी दिसतो. आम्ही एकमेकांना ओळखतो आता. कुठल्या ऑफिसात, कुणाला भेटायचं तेवढं कळवा, मी त्याला सांगतो.

आपला,
डोंबिवलीचा एक पासधारक