चेस्टरचे रोमन दगड: मित्रास पत्र

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या चेस्टरसाठी तू एकच दिवस ठेवला आहेस, म्हणून आधीच सांगतो. शहराच्या तटबंदीवरून पूर्ण प्रदक्षिणा घातली तरी रोमन शहर पाहून होत नाही. तट जवळपास 3 किलोमीटरचा, पण दिसतो त्यातला बहुतेक भाग मध्ययुगातला आणि नंतरच्या डागडुजीचा आहे. रोमन किल्ल्याची रेषा फक्त उत्तरेला आणि पूर्वेला टिकून आहे. पश्चिम आणि दक्षिण बाजू पुढे नदीच्या दिशेला सरकवून बांधल्या, त्या तटात रोमन काम शोधत बसू नकोस.

किल्ल्याचं नाव देवा. डी नदीच्या जुन्या केल्टिक नावाचा अर्थ देवी, आणि त्या शब्दाचं आपल्या ‘देव’शी खरोखर भाषिक नातं आहे. इसवी सनाच्या सत्तरच्या दशकात वसवलेला, सुमारे 25 हेक्टरांचा, गोल कोपऱ्यांचा आयत. त्याचा आडवा मुख्य रस्ता म्हणजे आजचे ईस्टगेट स्ट्रीट आणि वॉटरगेट स्ट्रीट, दक्षिण दरवाजाचा रस्ता म्हणजे ब्रिज स्ट्रीट. हे रस्ते भेटतात तिथे सेंट पीटर चर्च आहे, त्याच जागी सैन्याचं मुख्यालय होतं. एवढं डोक्यात बसलं की शहर आपोआप उलगडतं.

सुरुवात तटातल्या न्यूगेट दरवाजापासून कर. शेजारीच किल्ल्याच्या आग्नेय बुरुजाचा पाया दिसेल. पलीकडच्या रोमन गार्डन्समध्ये मात्र एक फसगत होते: तिथले खांब मूळ जागी नाहीत, शहरात इतरत्र सापडलेले आणून मांडले आहेत. बुटके खांब हे स्नानगृहाच्या तापवलेल्या फरशीचे. फरशी त्यांच्यावर उचलून धरलेली असे, भट्टीतली गरम हवा खालून फिरे आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर चढे. मूळ जागचे असे खांब ब्रिज स्ट्रीटवर 39 नंबरच्या दुकानाच्या तळघरात आहेत. दुकान उघडं असेल तर आत विचारून बघ. स्नानगृहाचा मोठा भाग 1960च्या दशकात खरेदी संकुलासाठी पाडला गेला. इतकं टिकलेलं काम हातचं घालवलं, याचं फार वाईट वाटतं.

ॲम्फीथिएटर, म्हणजे रोमन खेळांचं गोलाकार प्रेक्षागृह, समोरच आहे. 1929 मध्ये शाळेच्या आवारात खोदताना सापडलं, आणि त्यावरून जाणार असलेला रस्ता वळवावा लागला. उघडी आहे ती साधारण उत्तरेकडची अर्धीच बाजू, उरलेली डी हाउस या जुन्या इमारतीच्या बाजूला, जमिनीखाली. उत्तरेच्या प्रवेशाजवळ नेमेसिस देवीचं छोटं देवघर बघ. तिची वेदी सेक्स्टियस मार्सियानस या शतपतीनं दृष्टांत झाल्यावर वाहिली होती. तिथे नक्कल आहे, मूळ वेदी ग्रोव्हनर म्युझियममध्ये.

तिथून तटावर चढ आणि पूर्वेच्या बाजूनं उत्तरेला नॉर्थगेटपर्यंत जा. पावसात दगड निसरडा होतो, सपाट तळव्याचे बूट नकोत. खरा रोमन तट मात्र वरून दिसतच नाही. खाली कालव्याच्या काठावर उतर आणि मागे वळून बघ. तळाशी मोठे, चौरस घडलेले, चुना न घालता एकावर एक बसवलेले ठोकळे रोमन, आणि वर चुन्यात बसवलेले लहान दगड नंतरचे. ही उत्तरेची बाजू बहुतेक वेळ सावलीत असते, त्यामुळे लांबून दोन्ही एकसारखे वाटतात. सांध्यांकडे बघ, चूक होणार नाही.

याच तटाच्या दुरुस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभरावर कोरीव थडग्यांचे दगड निघाले. रोमन काळातच ते भरावात वापरले होते, म्हणून ऊनपावसापासून वाचले. ते म्युझियममध्ये आहेत, तिथे निदान दीड तास दे. वाचायची किल्ली सोपी आहे: वरचं ‘डी. एम.’ म्हणजे पितरांना अर्पण, उलटा ‘सी’ म्हणजे शतपती, शेवटचं ‘एच. एस. ई.’ म्हणजे ‘इथे पुरला आहे’. आता जहाज बुडून गेलेल्या एका अधिकाऱ्याचा दगड शोध. त्याचं नाव तुटून गेलं आहे. शेवटी ‘एस. ई.’ कोरलंय, आधीच्या ‘एच’ची जागा कोरी. देह हाती लागला तर ‘इथे’ हा शब्द भरायचा होता. तो कधी भरला गेला नाही.

म्युझियम बंद होण्याच्या वेळा आधी बघून ठेव. मिनर्व्हा या रोमन देवीचं शिल्प शेवटी ठेव, ते उघड्यावर आहे. जुन्या डी पुलावरून हँडब्रिजला ओलांड, एडगर्स फील्डमध्ये रोमन खाणीच्या उभ्या कातळातच ती कोरलेली आहे, अजून मूळ जागी. भोवतीची दगडी चौकट मागाहूनची. वालुकाश्म मऊ, त्यामुळे समोरून बघितलं तर नुसता उंचवटा वाटतो. मोबाइलचा टॉर्च अगदी बाजूनं, कातळाला चिकटवून धर, म्हणजे सावल्या पडून आकार उठून येईल. खांद्यावरचं घुबडही तेव्हाच सापडतं.

तुझा,
श्रीधर