आजीच्या रकान्यात काय लिहिलं?

संपादक महोदय,

मागच्या महिन्यात आमची आजी गेली. वय नक्की किती ते कुणालाच माहीत नाही, ती स्वतः सांगायची चार विसा आणि वर बारा-तेरा, आणि पुरावा काय तर गांधीजींना मारलं त्या साली माझं लग्न झालं. म्हणजे 1948, आणि तेव्हा ती पंधरा-सोळाची असेल, तुम्हीच करा हिशोब.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मृत्यूची नोंद करायला काका आणि मी गेलो, फॉर्मवर व्यवसायाचा रकाना होता. समोरच्या माणसाने विचारलं काय करायच्या, काका पटकन म्हणाले काही नाही, घरीच असायची. आणि मीपण गप्प बसलो हो! बाहेर आल्यावर गाडीला किक मारताना डोक्यात प्रकाश पडला की आपण हे काय सांगून आलो.

घरीच असायची म्हणजे काय? 11 डिसेंबर 1967 ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला, अख्खं गाव झोपेतून उठून पळालं पण आजी तेव्हा आधीच गोठ्यात होती. तिने पहिली म्हैस सोडली आणि मग आजोबांना हाक मारली. आजोबा हे शेवटपर्यंत टोमणा मारून सांगायचे आणि ती म्हणायची, म्हशीला दावं होतं, तुम्हाला होतं का?

बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर गेली, खडी फोडली, पाट्या वाहिल्या, धाकटी आत्या तेव्हा अंगावर पित होती, तिला झाडाला झोळी बांधून ठेवायची. मुकादमाने माप कमी धरलं तर ही सगळ्या बायांना घेऊन खड्ड्यात उतरली आणि म्हणाली आता माझ्यासमोर टेप लाव. अक्षरओळख शून्य पण मापात तिला कुणी फसवू शकलं नाही. त्या हजेरीपटावर तिचा अंगठा होता. तशाच कामांतून पुढे रोजगार हमी उभी राहिली, 1977 ला कायदा झाला, पण मला राहून राहून वाटतं की आजीला कामकरी म्हणून सरकारदरबारी ज्या कागदावर जागा मिळाली तो बहुतेक तेवढा एकच. सातबारावर नाव लागलं ते आजोबा गेल्यावर वारस म्हणून, तोवर तिची कंबर वाकली होती. पेरणी, खुरपणी, काढणी, धारा सगळं ती करायची आणि शेतकरी मात्र आजोबा. (आजोबा चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण बांधावर उभं राहून ऑर्डर सोडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.)

आता संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलंय, त्याचे बॅनर लागतील, फोटो निघतील, चालू द्या. मला जास्त महत्त्वाची वाटते ती जनगणना, लोकांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. घरच्या शेतात बिनपगारी राबणं हेसुद्धा जनगणनेत काम म्हणूनच धरतात, 2011 ला तर फक्त घरापुरतं दूध काढणंसुद्धा धरलं होतं. म्हणजे नियम आपल्या बायांच्या बाजूने आहे, घोळ होतो तो उंबऱ्यात. मोजणीवाला विचारतो बाई काय करतात आणि घरातला कुणीतरी पुरुष आमच्या काकांसारखं उत्तर देऊन मोकळा होतो. कधीकधी बाई स्वतःच म्हणते मी कुठं काय करते. आजीपण असंच म्हणाली असती याची मला खात्री आहे, तोंडाने एवढी फटकळ पण स्वतःच्या कामाबद्दल बोलायची वेळ आली की हात झटकायची.

म्हणून आपल्या पेपरमधून एवढं छापा की मोजणीवाले दारात आले की घरातल्या बाईलाच पुढे बसवा आणि वर्षभरात शेतात, गोठ्यात किती दिवस गेले ते नीट आठवून सांगा.

काकांना नंतर मी बोललो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले अरे ती आजारी पडली तेव्हासुद्धा भांगलण अर्धी राहिली म्हणून चिडली होती. तिचं खुरपं गोठ्याच्या वळचणीला खोचलेलं होतं, मूठ झिजून तिच्या हाताच्या मापाची झालेली. परवा बघितलं तर जागेवर नाही. आई घेऊन गेली होती रानात, राहिलेली भांगलण करायला.

आपला,
एक वाचक